गेमिंग लॅपटॉप : स्टिकरवरचे नाव आणि आतले यंत्र

गेम खेळण्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, या एकाच विषयावर इतकी पत्रे साठली आहेत की या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. बहुतेक पत्रांचा शेवट ‘एक चांगले मॉडेल सुचवा’ या विनंतीने झाला आहे. ती विनंती मी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली चार-सहा वेगवेगळ्या जुळण्या विकल्या जातात आणि वर्ष उलटण्याआधी ते नावही बदललेले असते. माहितीपत्रक कसे वाचायचे हे एकदा कळले, की निवड तुमची तुम्हालाच करता येईल; म्हणून उत्तरे त्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी दोन लॅपटॉप पाहिले. दोन्हींत आरटीएक्स ४०६० हेच ग्राफिक्स कार्ड आहे आणि प्रोसेसरही एकच आहे. एक जाडजूड आहे, दुसरा बारीक आणि हलका. मला दुसरा आवडला. कार्ड एकच असल्यामुळे गेम दोन्हींवर सारखेच चालतील, असे विक्रेता म्हणतो. हे खरे आहे का?
— एक वाचक

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे बरोबर नाही, आणि गेमिंग लॅपटॉपच्या खरेदीत सर्वांत जास्त लोकांची निराशा होते ती याच ठिकाणी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेमची चित्रे रंगवणारा भाग; त्याच्या नावावरून आत कोणती चिप आहे एवढेच कळते. त्या चिपला किती वीज मिळणार आहे, हे त्या नावात कुठेही नसते. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०६० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवण्याची मुभा एनव्हीडिया कंपनीने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिलेली आहे. त्याशिवाय प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज ग्राफिक्सकडे वळवण्याची सोय असेल, तर आणखी २५ वॅटपर्यंत भर पडू शकते. म्हणजे एकच नाव मिरवणाऱ्या दोन यंत्रांत विजेचा फरक तिप्पट-चौपट असू शकतो, आणि जितकी वीज कमी तितका चिपचा वेग कमी.

बारीक लॅपटॉपमध्ये पंखे लहान असतात, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या पातळ असतात आणि गरम हवा बाहेर पडायला वाटही अरुंद असते. चिपला पुरी वीज दिली तर ती उष्णता बाहेर काढणार कशी, हा उत्पादकापुढचा खरा प्रश्न असतो आणि म्हणून तो मर्यादा खाली ठेवतो. यात वावगे काही नाही. हलके यंत्र हवे असणाऱ्यांसाठी तो योग्यच निर्णय आहे. वावगे आहे ते हा आकडा ग्राहकाच्या नजरेआड ठेवणे. पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असे लिहिलेले असे, त्यामुळे निदान सावध होता येई. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेपासून ते शेपूट नावातून गेले आणि आता वॅटचा आकडा स्वतः शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक देखणा, बारीक लॅपटॉप घेतला होता. गेम चालू ठेवून कोपऱ्यात चिपची वीज दाखवणारा आकडा लावला, तर तो ६० वॅटपर्यंत चढायचा आणि तिथेच अडकून राहायचा. पडद्यावर धूर दाटला, चारी बाजूंनी शत्रू आले, की चित्र अडखळू लागायचे. आकडा मात्र साठचा साठच. तेच कार्ड असलेल्या माझ्या भावाच्या जाड लॅपटॉपवर हाच प्रसंग सहज पार पडत असे. त्या दिवसापासून मी लॅपटॉपच्या झाकणावरचे स्टिकर वाचणे सोडून दिले आहे.

हा आकडा उत्पादकाच्या संकेतस्थळावरील तांत्रिक माहितीत ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ किंवा ‘टीजीपी’ या नावाने, बहुधा बारीक अक्षरांत, सापडतो. समोर यंत्र चालू असेल तर एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून पाहावे. तेथेही कमाल वीज लिहिलेली असते. दोन्हीकडे काही सापडत नसेल आणि विक्रेताही सांगू शकत नसेल, तर तो लॅपटॉप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र याचा अर्थ जितके जास्त वॅट तितके चांगले, असा सरसकट घेऊ नका. ४०६० किंवा ४०७० यांसारख्या मधल्या चिपचा वेग साधारण १०० वॅटच्या पुढे फारसा वाढत नाही, म्हणून ११५ आणि १४० यांतल्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ६० आणि १०० यांतला फरक मात्र खेळताना डोळ्यांना दिसतो, आणि पुऱ्या विजेवर चालणारे ४०६० हे उपाशी ठेवलेल्या ४०७० ला मागे टाकू शकते.

प्रश्न : माझ्या मित्राच्या डेस्कटॉपमध्ये आरटीएक्स ४०७० आहे आणि त्यावर सगळे गेम उत्तम चालतात. लॅपटॉपमध्ये ४०७० घेतले तर तोच अनुभव मिळेल ना? शिवाय ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती) पुरेल का, अशी शंका आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : तोच अनुभव मिळणार नाही, कारण नाव सारखे असले तरी ती दोन वेगळी कार्डे आहेत. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ कोअर (एकाच वेळी काम करणारे छोटे गणनघटक), १२ जीबी स्मृती आणि २०० वॅट वीज असते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी स्मृती असते. वरच्या पायरीवर ही तफावत आणखी वाढते. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी स्मृती असते, आणि हेच आकडे डेस्कटॉपच्या ४०८० चे आहेत. डेस्कटॉपचे ४०९० हे १६,३८४ कोअर आणि २४ जीबी स्मृतीचे प्रकरण आहे. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेतही तेच आहे : डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये २१,७६० कोअर, तर लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६. सर्वांत महागड्या लॅपटॉपचे नाव सर्वांत जास्त फुगवलेले असते, हे यावरून लक्षात यावे. उलट ४०६० मध्ये दोन्हीकडे ३,०७२ कोअर आणि ८ जीबी स्मृती आहे, म्हणजे नाव आणि वस्तू यांत अंतर सर्वांत कमी आहे.

स्मृतीची तुमची शंका रास्त आहे. गेममधील भिंती, कपडे, दगड, पाने यांची तपशीलवार चित्रे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवली जातात. ती भरली की उरलेली चित्रे लॅपटॉपच्या रॅममध्ये ठेवावी लागतात आणि तेथून ती आणायला वेळ लागतो. अशा वेळी दर सेकंदाला रंगवल्या जाणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी संख्या बरी दिसत असूनही मध्येच चित्र थबकते, किंवा भिंतीवरचा पोत क्षणभर चिखलासारखा पुसट दिसून मग स्पष्ट होतो. ८ जीबीवर आजचे गेम चालतात, पण नव्या मोठ्या गेममध्ये ‘टेक्श्चर’ची पायरी एक घर खाली आणावी लागते. तेवढे केले की तक्रार राहत नाही. लॅपटॉपच्या ४०६०, ४०७०, ५०६० आणि ५०७० या चारही कार्डांत स्मृती ८ जीबीच आहे. १२ जीबी हवी असेल तर ५०७० टीआयपर्यंत जावे लागते. म्हणूनच ४०६० वरून ४०७० वर किंवा ५०६० वरून ५०७० वर जाण्यासाठी मोठी रक्कम मागितली जात असेल, तर मी ती देणार नाही. तोच पैसा चांगल्या पडद्यावर आणि रॅमवर खर्च करावा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर पहिली पंधरा-वीस मिनिटे गेम छान चालतो, मग हळूहळू अडखळू लागतो आणि पंखे जोरात फिरतात. लॅपटॉप दोन वर्षांचा आहे. तो बिघडला आहे का? नवा घेताना हे कसे टाळावे?
— एक गृहिणी, संध्याकाळी तासभर खेळणारी

उत्तर : बिघाड असण्याची शक्यता कमी आहे, लॅपटॉप स्वतःचा जीव वाचवत आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप ठरावीक तापमानापर्यंत पोहोचल्या की आपला वेग आपोआप कमी करतात. अनेक लॅपटॉप प्रोसेसरसाठी ही सीमा ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते, ग्राफिक्स चिपसाठी त्याहून खाली. पहिल्या काही मिनिटांत धातूच्या नळ्या आणि पंख्यांपुढच्या पात्या थंड असल्यामुळे उष्णता शोषून घेतात. त्या तापल्या की पुढे यंत्र किती उष्णता बाहेर टाकू शकते, यावरच वेग ठरतो.

दोन वर्षांच्या यंत्रात पहिला संशयित म्हणजे धूळ. पंख्यांसमोर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते. धूळ आणि तंतू तिथे अडकून वाळक्या नमद्यासारखा एक पट्टा तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, कारण पट्टा आतल्या बाजूला, पंखा आणि पाती यांच्या मध्ये असतो. खालचे झाकण उघडून तो चिमट्याने अलगद काढला, की कित्येकदा एवढ्यावरच काम भागते. स्वतः उघडायचे नसेल तर जाणकाराकडून उघडून घ्यावे, आणि त्याच वेळी चिप व तांबे यांच्यामधील उष्णतावाहक पेस्टही बदलून घ्यावी; दोन-तीन वर्षांत ती वाळते किंवा मधल्या भागातून सरकते. हवेचा झोत मारायचा असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून त्याचा बेअरिंग खराब होतो.

गादीवर किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळत असाल तर ते आधी थांबवावे, कारण बहुतेक गेमिंग लॅपटॉप हवा खालूनच ओढतात. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी तापमानात फरक पडतो, त्यासाठी पंखेवाले कूलिंग पॅडच हवे असे नाही. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची संख्या पडद्याच्या क्षमतेइतकी किंवा त्याहून थोडी कमी बांधून ठेवा. पडदा ६० फ्रेम दाखवू शकत असताना चिपने ११० फ्रेम रंगवण्यात केवळ उष्णताच वाढते. हा उपाय मी प्रत्येकाला सांगतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि पंख्यांचा आवाजही त्याच क्षणी उतरतो.

नवा घेताना परीक्षण वाचाल किंवा पाहाल, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सोडून द्या. अर्ध्या तासानंतर चिपला किती वॅट मिळत होते, कीबोर्डचा मधला भाग किती तापला होता आणि पंख्यांचा आवाज किती डेसिबल होता, हे ज्यात सांगितले असेल तेच परीक्षण खरेदीच्या कामाचे. आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ५० डेसिबलच्या वर गेलेला पंखा रोज संध्याकाळी तासभर ऐकायचा म्हणजे कानांना हेडफोन लावूनच बसावे लागते, आणि शेजारी कोणी अभ्यास करत असेल किंवा झोपले असेल तर त्याचीही पंचाईत होते.

प्रश्न : पडदा १६५ हर्ट्झचा घ्यावा की २४० चा? आणि रिझोल्यूशन जास्त असलेला घ्यावा का?
— नेमबाजीचे ऑनलाइन गेम खेळणारा वाचक

उत्तर : हर्ट्झचे गणित मिलिसेकंदांत मांडले की निर्णय सोपा होतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी आणि २४० हर्ट्झचा ४.२ मिलिसेकंदांनी. पहिल्या उडीत जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या उडीत ३ सुद्धा नाहीत. ६० वरून १४४ वर गेलेल्या माणसाला माऊस हलवताक्षणी फरक जाणवतो. १४४ किंवा १६५ वरून २४० वर गेल्याचा फरक स्पर्धेत उतरणाऱ्यांना उपयोगी पडतो, तोही गेम प्रत्यक्ष तितक्या फ्रेम देत असेल तर. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारखे गेम मधल्या कार्डावरही ते देऊ शकतात. मोठ्या कथाप्रधान गेममध्ये २४० फ्रेमची अपेक्षाच धरू नये. तुम्ही प्रामुख्याने नेमबाजीचे गेम खेळता, तरीही १६५ हर्ट्झचा उत्तम पडदा आणि २४० हर्ट्झचा सुमार पडदा यांत मी पहिला निवडेन.

सुमार पडदा ओळखायचा कसा? माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले दिसले, की तो पडदा रंगांच्या बाबतीत फिका आहे असे समजावे. गवत राखाडी दिसते आणि सूर्यास्ताचा केशरी रंग विटलेला वाटतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे लिहिलेले हवे. उजळपणा किमान ३०० निट्स असावा, आणि एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना ठिपके रंग बदलायला किती वेळ घेतात हेही परीक्षणात पाहावे. ठिपकेच आळशी असतील तर हर्ट्झ कितीही असोत, धावणाऱ्या शत्रूमागे सावलीची पुसट शेपटी दिसत राहते.

रिझोल्यूशनविषयी असे : १९२० बाय १२०० च्या पडद्यावर सुमारे २३ लाख ठिपके असतात, २५६० बाय १६०० च्या पडद्यावर सुमारे ४१ लाख. म्हणजे दुसऱ्या पडद्यासाठी कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात. हा बोजा हलका करण्यासाठी एनव्हीडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही तंत्रे आहेत. ती गेम कमी ठिपक्यांत रंगवतात आणि मग चित्र मोठे करतात. डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ पायरीवर लांबी आणि रुंदी सुमारे दोन तृतीयांश ठेवलेली असते आणि खेळताना ते सहसा लक्षात येत नाही. त्यामुळे ४०६० किंवा त्यापुढचे कार्ड असेल तर २५६० बाय १६०० चा पडदा घ्यायला हरकत नाही; त्याखालच्या कार्डांसाठी साधा पडदाच बरा. मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या तयार करणारे ‘फ्रेम जनरेशन’ मात्र वेगळे तंत्र आहे. त्यामुळे चित्र गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. मूळच्या फ्रेम ६० च्या आसपास असतील तेव्हाच ते वापरावे, आणि नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये बंदच ठेवावे.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात शोधा : ‘मक्स स्विच’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस’. ही सोय नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाने रंगवलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधील छोट्या ग्राफिक्सच्या मार्फत पडद्यावर जाते आणि त्या वळशात काही फ्रेम गमावल्या जातात. जितक्या फ्रेम जास्त तितके हे नुकसान मोठे, म्हणून तुमच्यासारख्याला ही सोय हवीच.

प्रश्न : प्रोसेसर आणि रॅम कशी निवडावी? ५१२ जीबी एसएसडी पुरते का?
— एक नोकरदार

उत्तर : रॅमपासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सर्वांत स्वस्तात सुधारता येते. १६ जीबी रॅम ही आज किमान समजावी, परंतु ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत विभागलेली हवी. एकच पट्टी बसवलेली असेल तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील रस्ता निम्म्या रुंदीचा राहतो. पुष्कळ लॅपटॉप एकाच पट्टीसह विकले जातात. दुसरी जागा रिकामी असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी घालून घ्यावी. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवर कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. तिथे सुरुवातीलाच ३२ जीबी घ्यावी.

प्रोसेसरच्या नावातील पहिल्या आकड्याला भुलू नये. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतली रचना किती जुनी आहे ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू हा नावाने नवा वाटतो, पण त्याची झेन २ ही रचना मुळात २०१९ मधली आहे. ७७३५एचएस मध्ये झेन ३ प्लस आहे आणि ७८४०एचएस मध्ये झेन ४. आकड्यांमागचे अक्षरही पाहावे. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, ‘एच’ किंवा ‘एचएस’ म्हणजे गेमसाठी योग्य, ‘एचएक्स’ म्हणजे सर्वांत जोरकस आणि सर्वांत तापणारा. मधल्या ग्राफिक्स कार्डासोबत ‘एच’ वर्गातील आठ कोअरचा प्रोसेसर भरपूर होतो. दुकानात ‘आय ९’ किंवा ‘रायझन ९’ चे आकर्षण दाखवून ग्राफिक्स कार्ड मात्र खालचे दिले जाते. गेमसाठी हा सौदा उलटा आहे.

५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे गेम आणि फाइली साठवण्याची जागा, विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. त्यातून विंडोज आणि इतर सामान वजा करा. बाल्डर्स गेट ३ या एकाच गेमला १५० जीबी जागा लागते, आणि असे दोन-अडीच गेम बसले की एक काढल्याशिवाय दुसरा घालता येत नाही. एक टीबी घ्यावी, किंवा आत दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामी जागा आहे याची खात्री करून ५१२ वर समाधान मानावे.

प्रश्न : मॅकबुक घेतले तर गेम चालतील का?
— एक वाचक

उत्तर : गेम हेच मुख्य कारण असेल तर घेऊ नये. ॲपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकबुकवर पूर्वीसारखे बूट कॅम्प वापरून विंडोज बसवता येत नाही. काही मोठे गेम मॅकसाठी आले आहेत, सायबरपंक २०७७ सुद्धा २०२५ मध्ये आला, परंतु व्हॅलोरंटसारखे फसवणूकविरोधी कडक व्यवस्था असलेले अनेक ऑनलाइन गेम तेथे नाहीत. मित्र जे खेळतात तेच तुम्हाला खेळता आले नाही, तर यंत्र कितीही उत्तम असून काय उपयोग?

प्रश्न : गेमिंग लॅपटॉपची बॅटरी दीड-दोन तासांत संपते असे ऐकले. प्रवासात खेळता येईल असा लॅपटॉप नाहीच का?
— सतत फिरतीवर असणारा वाचक

उत्तर : जोरकस गेम चालू असताना दीड तासही मिळत नाही. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९.९ वॅट-तासांवर थांबते. पूर्ण जोरात चालणारा लॅपटॉप १५० वॅट सहज खातो. भागाकार केला तर ४० मिनिटे येतात. प्रत्यक्षात बॅटरीवर असताना यंत्र वीज निम्म्याहून खाली आणते, त्यामुळे वेळ थोडा वाढतो आणि गेम मंदावतो. चार्जर काढताच फ्रेमचा आकडा कसा कोसळतो, ते एकदा करून पाहावे. प्रवासात खेळणे हीच तुमची गरज असेल, तर हातात धरून खेळायची स्टीम डेकसारखी यंत्रे त्यासाठीच बनवलेली आहेत.

लॅपटॉपच घेणार असाल तर चार्जरचे वजन विचारायला विसरू नका. २३० किंवा ३३० वॅटचा चार्जर विटेएवढा असतो आणि तो घरी ठेवून जाता येत नाही. १०० वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर लेखन-वाचन होते, परंतु गेम खेळताना तो जोडलेला असूनही बॅटरी उतरत जाते. घरी लॅपटॉप सतत चार्जरला जोडलेला राहत असेल, तर उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी. बॅटरी पुष्कळ जास्त टिकते.

प्रश्न : मुलीला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी लॅपटॉप हवा आहे आणि ती गेमिंग लॅपटॉपच हवा म्हणते. हा हट्ट पुरवावा का? गेमच खेळत बसेल, अशी भीती वाटते.
— एक पालक

उत्तर : आपल्या मुलीची मागणी मला अवाजवी वाटत नाही. त्रिमितीय आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर, व्हिडिओ संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग या सर्वांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होतो, आणि त्याच रकमेत सर्वांत जास्त संगणनशक्ती बहुधा गेमिंग लॅपटॉपमध्येच मिळते. मात्र तिची शाखा विचारात घ्यावी. केवळ प्रोग्रॅमिंग असेल तर साधा, हलका, जास्त रॅमचा लॅपटॉप तिला अधिक सोयीचा पडेल. रोज पाठीवर नेण्याचे ओझे हाही मुद्दा आहे. अडीच किलोचे यंत्र आणि वर चार्जर, हे वजन तिने एकदा पिशवीत घालून जिने चढून पाहावे. दोन किलोच्या आसपासचा, मधल्या कार्डाचा, साध्या काळ्या रंगाचा लॅपटॉप अशा वेळी उत्तम तोडगा ठरतो.

भीतीबद्दल एवढेच सांगतो, की खेळण्याच्या वेळेचा प्रश्न तिच्याशी बोलून सोडवावा, कमी शक्तीचे यंत्र देऊन नव्हे. कमी शक्तीच्या यंत्रावरही खेळायला गेम मिळतातच. अडते ते अभ्यासाचे जड सॉफ्टवेअर.

प्रश्न : नवा लॅपटॉप परवडत नाही. वापरलेला घ्यावा का? घेताना काय तपासावे?
— शिकत असलेला, स्वतः पैसे साठवणारा वाचक

उत्तर : जरूर घ्यावा, पण किती जुना याला मर्यादा ठेवावी. जीटीएक्स नावाची कार्डे आता टाळावीत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ हे गेम रे-ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे रंगवण्याची) सोय चिपमध्येच असल्याशिवाय चालत नाहीत, आणि ती सोय आरटीएक्स कार्डांपासून सुरू होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे यंत्र विंडोज ११ घेऊ शकणारे हवे. आरटीएक्स ३०६० असलेला, पुऱ्या विजेवर चालणारा लॅपटॉप तुमच्यासाठी चांगली सुरुवात ठरेल. त्यात ६ जीबी व्हीरॅम असते, तेव्हा टेक्श्चर मध्यम ठेवावे लागतील.

तपासायला जाताना घाई असल्याचे दाखवू नका आणि किमान पाऊण तास हातात ठेवा. झाकण दोन्ही कोपऱ्यांना धरून सावकाश उघडा. बिजागरीपाशी कटकट आवाज आला किंवा खालचे प्लास्टिक किंचित वर उचललेले दिसले, तर बिजागरी तुटायच्या बेतात आहे. यंत्र सपाट टेबलावर ठेवून टचपॅड फुगलेला किंवा खालचे झाकण मधोमध उचललेले दिसते का पाहा. तसे असेल तर बॅटरी फुगली आहे आणि ती तातडीने बदलावी लागेल. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची आज्ञा आहे, त्यात मूळची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. मग विक्रेत्याकडे जो गेम असेल तो लावून अर्धा तास खेळा. त्या अर्ध्या तासात पंख्यातून खरखर येते का ते ऐका, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा आडव्या रेषा उमटतात का ते पाहा, आणि शेवटी ग्राफिक्सला किती वॅट मिळत आहेत ते वाचा. विक्रेत्याने अर्धा तास खेळू द्यायला नकार दिला, तर पैसे खिशात ठेवून दुसरा लॅपटॉप शोधा.